डिकीवालीचं पासिंग

या अंकाचे संपादक माझे जुने गिऱ्हाईक. म्हणाले, "मिस्त्री, तुमचा प्रवास लिहून द्या." मी म्हणालो, प्रवास गाड्यांनी केला, मी अडतीस वर्षं त्यांच्या खाली उताणा पडलेलो होतो. खालून जेवढं दिसलं तेवढं लिहितो. ते म्हणाले, चालेल, फक्त कागदावर ग्रीसचे डाग नकोत. म्हणून हात दोनदा धुऊन बसलो आहे.

शहरातल्या छावणी भागात माझं गॅरेज होतं. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी माझ्या आधी निवृत्ती घेतली, तेव्हा मला शटर ओढावं लागलं. आता तिथं मोमोचं दुकान आहे. लोक जिथं उभे राहून चटणीत मोमो बुडवतात, त्याच्या बरोबर खाली माझा गाडी तपासायचा खड्डा आहे, वरून फरशी टाकलेला. त्या रस्त्यानं जाताना मला अजून वाटतं की कुणीतरी खाली उतरून वर बघावं.

बाहेरच्या माणसाला वाटतं मेकॅनिकचं काम लोखंडाचं असतं. तसं काही नाही. लोखंड बिचारं आपल्या जागी गप्प असतं. जुनी गाडी सांभाळणं म्हणजे सहा-सात तऱ्हेचे पातळ पदार्थ एकमेकांत मिसळू न देता ज्याच्या त्याच्या डब्यात ठेवणं. इंजिनचं ऑइल वेगळं, गिअरचं वेगळं, स्टिअरिंग हलकं करणारं वेगळं. ब्रेकचं ऑइल एवढं नाजूक की हवेतला ओलावा पिऊन खराब होतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. रेडिएटरमध्ये कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी. शिवाय बॅटरीचं पाणी आणि काच धुवायचं पाणी. ज्याची त्याची जागा ठरलेली. माझी निम्मी कमाई लोकांनी एकाच्या जागी दुसरं ओतल्यावर झाली आणि उरलेली निम्मी योग्य जागी पण भलतंच ओतल्यावर.

एकदा अजिंठ्याहून मक्याचे एक व्यापारी आले. गाडीच्या मागून धूर असा निघत होता की ते आले हे आम्हाला ते वळणावर असतानाच कळलं. मी झाकण उघडलं तर इंजिन ऑइल काठोकाठ.

"किती टाकलं हो हे?"

"तोंडापर्यंत. आपुन हात आखडता नाय घेतला."

"शेठ, पट्टीवर दोन खुणा असतात. त्याच्या मधी ठेवायचं असतं."

"व्हय, वाचलं म्या. पण कंपनीवाले कमीच सांगणार ना. त्यान्ला काय पडलंय आपल्या गाडीचं."

अर्धी बादली ऑइल काढलं. त्यांनी ते डब्यात भरून परत नेलं, गोदामाच्या दाराच्या बिजागऱ्यांना. कंपनीवर विश्वास नाही, पण वाया घालवणंही नाही. अशी माणसं मला मनापासून आवडतात.

मी हे काम शिकलो हबीब उस्तादांकडे, छावणीतच. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, "पासिंग के पहले आठ दिन बोनेट कू हाथ नक्को लगाव." आणि दुसरी, "पुरानी गाडी का कचरा नक्को छेडो. वोच उसका वेल्डिंग है." म्हणजे जुन्या रेडिएटरला बारीक बारीक भोकं पडलेली असतात, पण आतला गंज आणि गाळच ती बुजवून धरतो. साफसफाईच्या हौसेनं तो काढला की गाडी गळायला लागते. हे दोन्ही नियम मी आयुष्यभर पाळले. निवृत्त झाल्यावर मात्र एकाच फोनवर दोन्ही मोडले. ती हकिगत सांगायलाच हा लेख लिहितो आहे.

साळुंके साहेब पुंडलिकनगरला राहतात. पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि आलेल्या पैशांतून त्यांनी एक चंदेरी सेडान घेतली. आमच्याकडं तिला डिकीवाली म्हणतात. पहिल्या दिवसापासून साहेबांचा दंडक असा की तेलपाणी स्वतः बघायचं आणि फक्त नटबोल्टसाठी माझ्याकडं यायचं. आयुष्य धरणांवर गेलेलं, त्यामुळे त्यांना गाडीतही धरणंच दिसत. सकाळी साडेसातला वर्तमानपत्रात जायकवाडीचा साठा किती टक्के ते वाचायचं, मग बोनेट उघडून आपला साठा मोजायचा आणि वहीत लिहायचा. मग मला फोन.

"मिस्त्री, इंजिन ऑइल ब्याऐंशी टक्के. कूलंट शहात्तर. ब्रेक नव्वद. आवक शून्य, विसर्ग शून्य."

"झकास, साहेब."

एवढं बोलून फोन ठेवायचा. पंधरा वर्षं. ऑइल सपाट जागेवर मोजायचं असतं असं मी एकदा बोललो, तर त्यांनी पोर्चमध्ये गवंड्याची पाणसळ लावून बघितली. पोर्च फाटकाकडं उतरता निघाला. तेव्हापासून पुढच्या दोन चाकांखाली फळ्या आहेत आणि टपालवाला त्यांना अडखळतो.

घरात या धरणांना एकच विरोधक, वहिनी. ऑइलची पट्टी बाहेर काढली की आधी पुसावी लागते, मग परत घालून मोजावी लागते. साहेब ती वहिनींच्या पोळ्यांच्या फडक्यानं पुसत. दुपारी डबा उघडला की पोळ्या काळ्या. वहिनींनी त्यांना जुन्या बनियनचे तुकडे करून दिले, खिळ्याला टांगून दिले, पण साहेबांचा हात स्वयंपाकघराकडंच जायचा, कारण फडकं सुती असतं आणि त्याचा धागा सुटत नाही. या मुद्द्यावर ते बरोबर होते, पण मी वहिनींसमोर तसं कधी बोललो नाही.

दुसरं भांडण पाण्याचं. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी घरातलं जे जे पोकळ ते ते भरून ठेवायचं असतं. कळशा, पातेली, कुकर, बरण्या, सगळं. आणि नेमक्या त्याच घरात साहेबांच्या एका कॅनमध्ये एसीच्या नळीतून ठिबकलेलं पाणी जमा होत असे. ते पाणी गाडीला फार चांगलं. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्षार असतात, त्यांची खपली रेडिएटरमध्ये बसते. एसीच्या पाण्यात ते नसतात. म्हणून कूलंटमध्ये मिसळायला तेच वापरायचं. वहिनींचं म्हणणं, माणसांना पाणी नाही आणि गाडीला कॅन भरून.

गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली. आता तिची नोंदणी पुढं चालू ठेवायची तर पासिंग, म्हणजे सरकारी तपासणी. पास झाली तर पाच वर्षं, नाहीतर भंगार. मुलगा पुण्याहून म्हणाला, "बाबा, विकून टाका, कॅब बोलवत जा." वहिनींनी मला मुद्दाम चहाला बोलावलं आणि माझ्यासमोर निकाल दिला.

"मिस्त्री, तुम्ही साक्षीला. पास झाली तर राहील, म्या परत शब्द काढणार नाय. नापास झाली तर त्याच दिवशी भंगारवाला बोलवीन. मग पोर्चमधी मला तुळस अन् बसायला झोपाळा."

साहेबांनी मान हलवली. चहा बशीत ओतून तसाच ठेवला आणि ते पोर्चमध्ये जाऊन बोनेट पुसायला लागले. ते मी पाहिलं. गॅरेज बंद केल्यावर पहिले सहा महिने मी सकाळी आवरून, कपडे करून खुर्चीत बसायचो आणि कुठं जायचं ते आठवायचो. रोज सकाळी उठून मोजायला काहीतरी लागतं माणसाला. साहेबांकडं ते बोनेट होतं. ते गेलं असतं तर माझा साडेसातचा फोनही गेला असता, हे मला तेव्हा कळलं आणि वाईट वाटलं.

पासिंगच्या तीन दिवस आधी साहेबांचा फोन आला, तोही भलत्या वेळी, दुपारी. मी जेवत होतो.

"मिस्त्री, कूलंटचा रंग गढूळ दिसतोय. तपासणीत बरं नाही दिसणार. सगळं काढून, धुऊन, नवीन भरू का?"

हातात भाकरी, ताटात ठेचा, डोळ्यांत पाणी. मी म्हणालो, "बदला." उस्ताद वर कुठंतरी कपाळाला हात लावून बसले असणार.

पासिंगच्या दिवशी मी सोबत गेलो. मी मागे, साहेब चालवायला, वहिनी पुढं मांडीवर पिशवी घेऊन. ऊन चांगलंच होतं आणि रांग आरटीओच्या फाटकाबाहेर आली होती. पिशवीत मला नारळ, उदबत्ती आणि हळदकुंकवाची डबी दिसली. आमच्या घरी वाहनपूजा नाही, आम्ही बाबासाहेबांची माणसं. पण गिऱ्हाइकांनी बोनेटसमोर फोडलेल्या नारळांचं खोबरं मी अडतीस वर्षं निष्ठेनं खाल्लं आहे. मी म्हणालो, "वहिनी, शुभशकुनाची तयारी आणली म्हणा."

"शुभशकुनाची नाय. निरोपाची हाय," वहिनी म्हणाल्या. "पंधरा वर्षं नेलं-आणलं तिनं. भंगारात असंच थोडी घालायचं."

 साहेबांनी उगाच आरसा नीट केला.

पुढं आठ गाड्या असताना बोनेटच्या फटीतून पांढरं काहीतरी डोकावलं. मला वाटलं वाफ. पण वाफ वर जाते. हे खाली उतरत होतं. बघता बघता दोन्ही दिव्यांवरून फेसाचे ओघळ आले. शेजारच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली.

"चाचा, गाडी नहा रही क्या?"

इंजिन बंद केलं, बोनेट उघडलं. आत सगळीकडं फेस. कूलंटच्या डब्याचं झाकण कुठं आहे तेही दिसेना. मी नाक पुढं केलं. वास ओळखीचा होता. लहानपणी रविवारी आई आम्हाला ओळीनं बसवून डोकी धुवायची, तो वास.

"साहेब, कूलंटमधी काय मिसळलं?"

"एसीचं पाणी. पांढऱ्या कॅनमधलं. निम्मं कूलंट, निम्मं ते. काच धुवायच्या टाकीतही तेच भरलं."

"वहिनी, पांढऱ्या कॅनमधी काय होतं?"

वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "रिठा. चार दिवसांमागं अचानक पाणी आलं, रिकामं काहीच नव्हतं. एसीचं पाणी इन्व्हर्टरला घातलं अन् कॅनमधी रिठ्याचं पाणी गाळून ठेवलं. रेशमी साड्या धुवायच्या होत्या."

साहेबांचा चेहरा बघवत नव्हता. आणि खरं संकट पुढंच होतं. फेस बसला, तेव्हा खाली टप टप ऐकू आलं. वाकून बघितलं तर रेडिएटरच्या शिवणीतून धार लागलेली. रेशमाला जे नीट स्वच्छ करतं ते पंधरा वर्षांच्या गंजाला सोडतं थोडंच. उस्तादांचं वेल्डिंग धुऊन निघालं होतं. गळती असलेली गाडी पास होत नाही.

मी साहेबांना सांगून टाकलं, चूक माझी. जेवता जेवता बोललो. साहेब म्हणाले, "नाही मिस्त्री, कॅन मी तपासायला पाहिजे होता. नमुना न तपासता पाणी सोडलं." मग त्यांनी खिशातून वही काढली, बोनेटवर ठेवली आणि लिहिलं, "कूलंट शून्य टक्के." खाली आणखी एक ओळ लिहिली, "प्रकल्प बंद." त्याखाली सही केली आणि तारीख घातली, खात्यात करत तशी.

मी दुसरीकडं बघितलं. रिक्षावाल्यानं मान आत घेतली.

तेवढ्यात गाडीचं दार उघडलं. वहिनी पदर खोचून खाली उतरल्या, हातात डबी.

"मिस्त्री, हळदीनं गळती थांबते ना? तुमीच मागं सांगितलं होतं."

"थांबते वहिनी. पण पूजेची हळद नाय चालत, तिच्यात नुसता रंग असतो. खायची लागते."

"ही खायचीच हाय. वसमतची. हळकुंडं आणून म्या स्वतः दळून घेतली. माझ्या घरात दोन हळदी नसतात."

हे समजावून सांगतो. बारीक भोक असेल तर रेडिएटरमध्ये पाण्यातून हळद सोडायची. ती पाण्याबरोबर फिरत भोकापाशी जाते, तिथं फुगते आणि अडकते. काम कच्चं आहे. दुसऱ्या दिवशी पक्की दुरुस्ती करावीच लागते. पण दोन-चार तास निभावतात. यासाठी आधी गाडी थंड व्हायला हवी, कारण गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी सरळ तोंडावर येतं. हे कधीच करू नका, कितीही घाई असली तरी. आम्ही मागच्या गाड्यांना पुढं जाऊ दिलं आणि पाऊण तास थांबलो.

मग पाणी. रिठा पूर्ण जाईपर्यंत धुवायचं तर भरपूर लागणार, आणि आठवड्यानं नळ येणाऱ्या शहरात पाणी मागायचं म्हणजे जीव मागण्यासारखं. पण रिक्षावाल्यानं आपली बाटली दिली. एका टेम्पोवाल्यानं कॅन दिला. एका बाईंनी मुलाच्या गळ्यातली शाळेची बाटली काढून दिली. क्षार-बिर सगळं विसरून आम्ही ते ओतलं. साहेब प्रत्येक बाटलीला "आवक" म्हणत होते, हळू आवाजात. शेवटच्या पाण्यात वहिनींनी स्वतः दोन चमचे हळद घातली. चमचा नव्हता म्हणून बोटांनीच. इंजिन चालू केलं. खाली पिवळे थेंब पडले, मग कमी झाले, मग थांबले.

तपासणारे अधिकारी तरुण होते. बोनेट उघडून त्यांनी आत बघितलं. सगळं पिवळं.

"हे काय आहे?"

साहेब आयुष्यात खोटं बोललेले नाहीत. ते सुरू झाले, "त्याचं असं आहे, की आमच्याकडे एसीच्या पाण्याचा एक पांढरा कॅन..."

"हळद लावलीय," वहिनी मधेच म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडं बघितलं, हातातल्या नारळाकडं बघितलं. "आजी, पूजा वरून करतात. आतून नाही."

"आतूनच आजारी होती ती."

तरीही साहेबांनी सगळं सांगितलंच. कॅन, रिठा, साड्या, माझी भाकरी, सगळं. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "काका, आत्ता गळतंय का?" आम्ही तिघंही वाकलो. नव्हतं गळत. "दुरुस्ती?" मी म्हणालो, उद्या सकाळी रेडिएटर उतरवतो. मग त्यांनी ब्रेक तपासले. दर दोन वर्षांनी बदललेलं ऑइल, पायाखाली ब्रेक एकदम पक्का. दिवे, हॉर्न, धूर, सगळं बघितलं. शेवटी काच धुवायचं बटण दाबायला सांगितलं. काचेवर फेसच फेस आला, वायपर फिरले, आणि काच अशी लख्ख झाली की अधिकारी स्वतःचा चेहरा बघून थबकले. पास.

साहेब कागद घ्यायला खिडकीपाशी गेले. वहिनी गाडीला टेकून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "मिस्त्री, एक सांगते. तुमचे साहेब कॅन उचलून चालले ना, तवा म्या ओट्यापाशीच होते. म्या पाहिलं. बोलले नाय."

मी मान वळवून बघितलं, साहेब अजून खिडकीपाशीच होते.

"म्हटलं, होऊ दे नापास एकदाची. पण मघाशी त्यांनी वहीवर सही केली अन् मला काय व्हायचं ते झालं. इतकी वर्षं संसार केला, पण असं तोंड नव्हतं बघितलं." त्यांनी डोळे पुसले. "मग म्हटलं, झोपाळा काय, घरातबी टांगता येतो."

नारळ तिथंच फोडला. साहेब नारळाच्या पाण्याकडं ज्या नजरेनं बघत होते ती मला माहीत होती. मी म्हणालो, "साहेब, हे प्यायचं असतं."

दुसऱ्या दिवशी मी रेडिएटर पक्का करून आणला. कॅनवर आता वहिनींनी मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, "रिठा. गाडीला देऊ नये." हा लेख लिहायच्या आधी त्यांची परवानगी घ्यायला गेलो, कारण साहेब हा अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणार. त्या म्हणाल्या, "छापा. आता पाच वर्षं तर मिळालीच हायत. काय करतील?"

गेल्या महिन्यात साहेब आठ दिवस मुलाकडं पुण्याला गेले. मला वाटलं, आठ दिवस फोन नाही. सकाळी साडेसातला फोन वाजला.

"मिस्त्री, ऑइल ऐंशी टक्के. कूलंट नव्वद. बरोबर हाय ना?"

"एकदम बरोबर, वहिनी. पण पट्टी पुसून परत घातली होती का? नाय तर चुकीचं दिसतं."

"पुसली की."

"कशानं?"

पलीकडं बोनेट बंद केल्याचा आवाज आला.

"पोळ्यांच्या फडक्यानं," वहिनी म्हणाल्या. "त्याचा धागा सुटत नाय."